ट्रेलरच्या पातळ भिंतीतून स्क्रू पुन्हा पुन्हा का निसटतो, आणि त्यावर काय करावं

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, आतल्या भिंतीवर टॉवेलचा दांडा, डब्यांची मांडणी किंवा टीव्हीचा ब्रॅकेट लावला की बहुतेकांच्या वाट्याला एकच क्रम येतो. पहिल्या प्रवासानंतर वस्तू किंचित हलायला लागते. आवळायला जावं तर स्क्रू जागच्या जागी गरगर फिरतो. मग त्याच भोकात जरा जाड स्क्रू जातो, तो काही दिवस धरतो आणि पुन्हा सुटतो. त्यानंतर प्लास्टिकचा प्लग, मग गोंद, मग दोन बोटं बाजूला नवीन भोक. शेवटी वस्तू हातात आणि भिंतीवर भोकांची रांग.

हा क्रम तोडायचा असेल तर स्क्रू बदलण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. या वस्तूचं वजन आणि तिला बसणारा हिसका भिंतीतल्या नेमक्या कशावर जाणार आहे? समोर दिसणाऱ्या पातळ प्लायवर जाणार असेल, तर स्क्रू कितीही महागाचा घ्या, तो सुटणारच. खालचे सगळे उपाय या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

भिंतीच्या आत काय असतं

ट्रेलरची आतली बाजू बहुतेक वेळा सुमारे 3 मिमी जाडीच्या हलक्या प्लायची असते आणि तिच्यावर छापील कागद किंवा विनाइलचा थर चिकटवलेला असतो. 4 मिमी जाडीच्या लाकडी स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर साधारण दीड ते दोन मिमी असतं. म्हणजे त्या प्लायमध्ये जेमतेम दोन आटे रुततात. त्यातही स्क्रू सरळ मशीनने आत दामटला तर प्लायचा मागचा पदर फुटून बाहेर पडतो आणि धरायला उरतो तो आणखी पातळ भाग. भोक आधी बारीक ड्रिलने पाडा असं जे सांगितलं जातं, त्याचं कारण हे.

प्लायच्या मागे काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. बाहेरच्या भिंती मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एका प्रकारात लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये काचलोकर आणि बाहेरून नालीदार अॅल्युमिनियमचा पत्रा. दुसऱ्यात अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यांच्यामध्ये पांढरा फोम, आणि आतली प्लाय व बाहेरचं फायबरग्लास हे सगळं दाबून एकजीव चिकटवलेलं. दोन्हींत भिंतीची एकूण जाडी 4 ते 5 सेंमीच्या आसपास असते. आतली पार्टिशनं याहून पातळ. आडव्या टाकलेल्या बारीक पट्ट्या, दोन्ही बाजूंना प्लाय आणि मध्ये पोकळी.

घराच्या भिंतीचे नियम इथे चालत नाहीत. जिप्सम बोर्डसाठीचे आटे असलेले प्लास्टिकचे प्लग 9 ते 12 मिमी जाडीचा बोर्ड गृहीत धरून बनवलेले असतात. 3 मिमी प्लायमध्ये त्यांच्या आट्यांना धरायला काहीच मिळत नाही, उलट त्यांच्यामुळे भोक तेवढं मोठं होतं. विटांच्या भिंतीतला रावल प्लग तर फुगून बाजूने दाबायला काही घट्ट असलं तरच काम करतो. शिवाय घर जागेवर असतं. ट्रेलर रस्त्यावर निघाला की प्रत्येक खड्ड्यात भिंतीवरची वस्तू वर-खाली आणि आत-बाहेर ओढ घेते आणि दोन आट्यांमधली प्लाय हळूहळू भुसा होऊन झडते. चाकांच्या मागे, ट्रेलरच्या शेपटाकडे हे हिसके जास्त जाणवतात. मांडणी कुठे लावायची याची मोकळीक असेल तर ती आसाच्या जवळच्या भिंतीवर लावा.

निघालेला स्क्रू फेकू नका

तो उजेडात धरून बघा. आट्यांत पांढरे मणी अडकले असतील तर भिंत फोमची आहे आणि स्क्रू दोन नळ्यांच्या मधल्या जागेत गेला होता. पिवळट किंवा गुलाबी धागे असतील तर काचलोकर, म्हणजे जवळपास कुठेतरी लाकडी पट्टी आहे. नुसता कोरडा भुसा निघाला तर मागे पोकळी. चकचकीत धातूचा कीस असेल तर स्क्रू अॅल्युमिनियमच्या नळीपर्यंत पोचला होता, पण त्या पातळ पत्र्यातले आटे झिजले.

आणि स्क्रूला काळपट, ओलसर, बोटाने मळता येईल असा भुसा लागला असेल, तर फिटिंग बाजूला ठेवा. तिथे पाणी शिरतंय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्याजवळ, छताच्या कडेला आणि बाहेरच्या दिव्यामागे हे जास्त सापडतं. प्लाय अंगठ्याने दाबून बघा. नरम लागली, कागदाला फुगे किंवा सुरकुत्या दिसल्या, किंवा ओल मोजायच्या मीटरवर आकडा 20 टक्क्यांच्या वर गेला, तर लाकूड कुजायला लागण्याची स्थिती आली आहे असं धरा. अशा भिंतीत एपॉक्सी भरून दांडा परत लावणं म्हणजे गळती आणखी काही महिने झाकून ठेवणं. आधी बाहेरचं सीलंट, मग वाळवण, मग भिंतीची दुरुस्ती, आणि दांडा सगळ्यात शेवटी. ज्या भिंतीतून वर्षानुवर्षं घट्ट असलेला स्क्रू अलीकडे एकदम सुटला, तिथे माझा पहिला संशय नेहमी पाण्यावर असतो.

भोक पाडण्याआधी

भिंत पातळ आहे, म्हणजे चुकायला जागाही पातळ आहे. आत वायरी असतात, पाण्याचे नळ असू शकतात, आणि स्टोव्ह, हीटर, फ्रिज यांच्या आसपास गॅसची नळी. बाहेरची वीज काढली म्हणजे वायर मेली असं समजू नका. बॅटरी आणि सोलर पॅनल 12 व्होल्टचा प्रवाह चालूच ठेवतात आणि इन्व्हर्टर असेल तर सॉकेटमध्येही वीज असू शकते. तिन्ही बंद करा. गॅसच्या सिलिंडरची चावी बंद करा. ज्या भिंतीच्या पलीकडे किंवा खाली स्टोव्ह आहे तिथे नळी कुठून जाते ते कपाट उघडून डोळ्यांनी बघेपर्यंत ड्रिल लावू नका.

ड्रिलच्या टोकाला, जेवढं आत जायचं तेवढ्या लांबीवर, चिकटपट्टी गुंडाळा. बाहेरच्या भिंतीत लांब स्क्रू गेला तर तो थेट बाहेरच्या पत्र्यातून डोकं काढतो, आणि ते भोक नंतर पावसाचं दार होतं.

सांगाडा शोधायला लोहचुंबक उपयोगी पडतं, पण अॅल्युमिनियमला ते चिकटत नाही. चुंबक सापडवून देतं ते लोखंडी स्टेपल आणि स्क्रू. ते एका ओळीत सापडत गेले तर तिथे पट्टी आहे. बोटाने ठोकून आवाज ऐकणं पोकळ पार्टिशनवर चांगलं चालतं. फोम भरलेल्या भिंतीवर सगळीकडे सारखाच बद्द आवाज येतो, तिथे कानावर विसंबू नका. अॅल्युमिनियमचा सांगाडा ओळखायची माझी आवडती वेळ म्हणजे थंडीतली पहाट. धातूतून थंडी लवकर आत येते, त्यामुळे नळ्यांच्या रेषांवर आतल्या बाजूला दमटपणा आधी धरतो, आणि बाहेरून बघितलं तर दवामध्ये सांगाड्याचा नकाशा उमटलेला दिसतो. थर्मल कॅमेरा मिळाला तर हेच चित्र कधीही दिसतं, फक्त आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक हवा.

काहीच कळलं नाही तर वस्तूच्या मागे झाकलं जाईल अशा जागी 3 मिमीचं एक भोक पाडा, त्यात काटकोनात वाकवलेली तार घाला आणि गोल फिरवा. तार कुठे अडते यावरून पट्टी किती अंतरावर आहे ते कळतं. खिडक्या, दारं आणि कपाटं यांच्या हिशेबाने या पट्ट्या कशाही टाकलेल्या असतात, ठरावीक अंतरावर पुढची सापडेलच असं नाही. टीव्हीसाठी राखलेल्या जागी कारखान्यातच आत फळी किंवा पत्रा बसवलेला असणं मात्र बऱ्याच ट्रेलरमध्ये आढळतं. मालकाच्या पुस्तिकेत किंवा भिंतीवरच्या स्टिकरवर त्याची खूण असते. ती आधी शोधा, निम्मं काम वाचतं.

पट्टी सापडली तर

लाकडी पट्टी असेल तर काम सोपं आहे. बारीक भोक पाडा, प्लायची जाडी धरून पट्टीत दोन-अडीच सेंमी रुतेल असा स्क्रू घ्या आणि हाताने आवळा. मशीनचा जोर शेवटच्या वेढ्याला घात करतो.

अॅल्युमिनियमच्या नळीचा पत्रा पातळ असतो, म्हणून तिथे लाकडी स्क्रू टिकत नाही. हलक्या वस्तूला धातूचा सेल्फ-टॅपिंग, म्हणजे आपले आटे आपणच पाडत जाणारा, स्क्रू पुरतो. भोक स्क्रूच्या गाभ्याएवढंच हवं. जे सारखं काढ-घाल करायचं आहे किंवा जड आहे, त्याला रिव्हेट नट लावा. तो पत्र्याच्या मागे फुगून बसतो आणि त्यात साधा मशीन स्क्रू जातो, त्यामुळे आटे झिजायचा प्रश्न संपतो. फक्त त्याचं भोक नळीसाठी बेताचं आणि प्लायसाठी मोठं करावं लागतं, म्हणजे नट थेट धातूवर बसतो. प्लायवर बसवलेला रिव्हेट नट आवळताना प्लायच चिरडतो. स्टेनलेस स्क्रू आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओल आली तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून स्क्रूच्या आट्यांना थोडं सीलंट लावून घाला.

पट्टी आहे, पण हवी तिथे नाही

बहुतेकांची खरी अडचण ही असते, आणि तिला मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे एका पट्टीपासून दुसरीपर्यंत पोचणारी आडवी लाकडी फळी. दोन्ही टोकं सांगाड्यात स्क्रूने बसवायची आणि मग त्या फळीवर हुक, दांडा, मांडणी, जे हवं ते हवं तिथे लावायचं. 12 मिमी प्लायची 7-8 सेंमी रुंद पट्टी कडा घासून, रंगवून लावली की ती मुद्दाम केलेल्या सजावटीसारखी दिसते. पुढे वस्तू बदलली तरी भिंतीत नवीन भोक पडत नाही.

दोन पट्ट्या जुळतच नसतील तर वजन पसरायचं. चिखलात पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकून तिच्यावरून चालतो, तसंच इथे करायचं. 30 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद आणि 9 मिमी जाड प्लायचा तुकडा अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, पण ब्रॅकेटच्या चार स्क्रूंवरचा भार तो भिंतीच्या 900 चौरस सेंमीवर वाटतो. हा तुकडा पॉलियुरेथेनच्या बांधकामाच्या गोंदाने भिंतीला चिकटवा.

इथे एक गोष्ट राहून जाते आणि सगळा खटाटोप वाया जातो. गोंद भिंतीवरच्या छापील थराला चिकटतो, आणि तो थर प्लायला कारखान्यात जेमतेम चिकटवलेला असतो. वजन आलं की फळी, गोंद आणि कागद असं सगळं सोलून हातात येतं. म्हणून फळीची चौकट पेन्सिलने आखा, तिच्या 5 मिमी आतून धारदार कटरने फक्त कागद कापला जाईल एवढाच हलका चीर द्या, आतला थर सोलून काढा, उघड्या प्लायवर हलका पॉलिशपेपर फिरवा आणि मग गोंद लावा. गोंद वाळेपर्यंत 12 मिमीचे चार छोटे स्क्रू किंवा समोरून टेकवलेला दांडा फळी दाबून धरतो. पूर्ण एक दिवस जाऊ द्या, घाई नको. फळीत जाणारे ब्रॅकेटचे स्क्रू फळी आणि प्लाय मिळून जेवढी जाडी होते तेवढेच लांब ठेवा.

पार्टिशनच्या दोन्ही बाजू हाताला येत असतील तर यापेक्षाही पक्कं काम होतं. आरपार बोल्ट, दोन्हीकडे रुंद वायसर किंवा फळीचा तुकडा, आणि नायलॉनची कडी असलेला नट. आतली पोकळी चिरडेल इतका तो आवळू नका. भोकात पार्टिशनच्या जाडीएवढा नळीचा तुकडा घातला तर बोल्टला टेकायला आधार मिळतो.

पोकळीत धरणारे प्लग

पंखांचा टॉगल बोल्ट पोकळ पार्टिशनमध्ये चालतो, पण त्याला 12-13 मिमीचं भोक लागतं आणि मागे पंख उघडायला जागा लागते. फोमच्या भिंतीत पंख उघडतच नाहीत. मॉली प्लग, म्हणजे स्क्रू आवळला की भिंतीमागे दुमडून धरणारा धातूचा प्लग, घेताना पाकिटावर भिंतीची जाडी किती ते बघा. 3 मिमीला बसणारे वेगळे येतात. जाड भिंतीचा मॉली पातळ प्लायवर नीट दुमडत नाही आणि आयुष्यभर हलत राहतो.

या सगळ्यांत ट्रेलरसाठी मला सरस वाटतो तो रबरी वेल-नट. रबराच्या बुचात पितळी नट असतो. स्क्रू आवळला की रबर मागच्या बाजूला फुगून प्लायला घट्ट धरतं. धातूच्या पंखांसारखं ते प्लाय चिरत नाही आणि प्रवासातला कंप गिळतं. 5 मिमीच्या स्क्रूला साधारण 10 मिमीचं भोक लागतं. फोमची भिंत असेल तर भोकातून वाकवलेल्या तारेने मागचा फोम थोडा कोरून काढा, म्हणजे रबराला फुगायला जागा होते. टॉवेल, टोपी, छोटा दिवा, पडद्याची पट्टी यांना एवढं भरपूर झालं. ओढ बाहेरच्या दिशेने असेल आणि वजन दोन-तीन किलोंच्या पुढे जात असेल, तर वर सांगितलेल्या फळीकडे वळा.

मोठं झालेलं भोक

काड्या आणि गोंद भरायचा घरगुती उपाय इथे चालत नाही, कारण काड्यांना धरायला खोलीच नसते. फोमच्या भिंतीत बोटी दुरुस्त करणाऱ्यांची पद्धत लागू पडते. भोक 8-10 मिमीपर्यंत साफ करा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आत फिरवा, म्हणजे प्लायच्या मागे भोकापेक्षा रुंद अशी पोकळी होते. घट्ट केलेलं एपॉक्सी तिच्यात ठासून भरा, वरून टेप लावा, पूर्ण कडक होऊ द्या आणि मग मधोमध नवीन बारीक भोक पाडा. आत तयार झालेली गोळी समोरच्या भोकातून बाहेर येऊ शकत नाही, आणि तिच्यात आटेही नीट पडतात. पॉलिएस्टर रेझिन मात्र वापरू नका. त्यातल्या स्टायरीनमुळे पांढरा फोम विरघळतो. वासाचे, सॉल्व्हंट असलेले बरेच गोंदही तेच करतात. एपॉक्सी फोमला खात नाही.

भोकच नको असेल तर

दुहेरी चिकटपट्टी चालते, पण तिचा हिशेब मांडून. व्हीएचबीसारख्या जबर पकडीच्या फोम टेपसाठी स्थिर वजनाला किलोमागे सुमारे 55 चौरस सेंमी हा नेहमीचा अंदाज आहे. दोन किलोंना 19 मिमी रुंदीची टेप 58 सेंमी लागते, आणि हलत्या ट्रेलरमध्ये त्याहून जास्त धरा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जोरात दाबा, आणि वजन टांगायच्या आधी 72 तास थांबा, कारण टेपची पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. थंडगार भिंतीवर ती नीट चिकटत नाही. छापील थर सुटण्याचा धोका इथेही आहेच. म्हणून मी टेप हलक्या आणि भिंतीला सपाट लागून बसणाऱ्या वस्तूंपुरतीच ठेवतो.

टीव्ही आणि घडीचं टेबल

या दोन वस्तू सगळ्यात जास्त भिंती फाडतात, आणि कारण वजनापेक्षा अंतराचं असतं. 5 किलोंचा टीव्ही 40 सेंमी बाहेर ओढलेल्या हातावर आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या कडेपर्यंत 10 सेंमी आहे असं धरा. वरच्या स्क्रूंवर बाहेरच्या दिशेने 20 किलोंची ओढ येते. हिसक्यात ती दुप्पट झाली तर 40. तोच हात मिटून टीव्ही भिंतीपासून 8 सेंमीवर आणला तर ओढ 4 किलोंवर उतरते. आणि तोच ब्रॅकेट 30 सेंमी उंच फळीवर बसवून फळीचं वरचं टोक भिंतीला पक्कं केलं, तर हात पूर्ण बाहेर असतानाही भिंतीवर सातेक किलोच येतात. पातळ प्लाय खाली ओढणारं वजन बऱ्यापैकी पेलते. बाहेर खेचणारं वजन तिला झेपत नाही. म्हणून टीव्हीमागची फळी नेहमी उभी आणि उंच घ्या.

प्रवासात टीव्ही हातावरून काढून गादीवर आडवा ठेवणं हा तरीही सगळ्यात चांगला मार्ग. ते जमत नसेल तर हात मिटून पट्ट्याने भिंतीशी बांधा.

घडीच्या टेबलाचं उलट आहे. त्याचं स्वतःचं वजन थोडं, पण माणूस कोपर टेकून उठतो तेव्हा बिजागरीवर सगळा भार येतो. पुढच्या कडेला जमिनीपर्यंत जाणारा पाय द्या. भिंतीकडे फक्त टेबल जागेवर धरायचं काम उरू द्या, आणि बिजागरीमागची फळी टेबलाच्या पूर्ण रुंदीची घ्या. जड मांडणीचंही तसंच करा. तिचे पाय ओट्यावर किंवा जमिनीवर टेकवा आणि भिंतीला ती फक्त पडू नये एवढ्यासाठी बांधा.

बसवल्यावर पहिल्या प्रवासानंतर प्रत्येक वस्तू हाताने हलवून बघा. मशीन स्क्रूंना आटे धरून ठेवणारं निळं द्रव्य लावलं असेल तर ते सुटत नाहीत. प्लास्टिकच्या भागांजवळ मात्र ते टाळा, काही प्लास्टिक त्याने तडकतं. स्क्रूच्या डोक्यावरून भिंतीवर एक बारीक पेन्सिलची रेघ ओढून ठेवली, तर पुढच्या वेळी स्क्रू फिरलाय की वस्तू भिंतीसकट हलतेय ते एका नजरेत कळतं. रेघ तुटली असेल तर आवळा. रेघ जागेवर आहे आणि वस्तू तरीही हलतेय, तर प्लाय मागे फुटत चालली आहे. तिथे आवळून उपयोग नाही, फळी लावायची वेळ आली.